टेबल वर न्यायचंय

आबांचा फोन आला तेव्हा मी दिवाणावर मांडी घालून एका बंगल्याचा जिना काढत होते. आबा म्हणजे माझे वडील. राहतात आष्ट्यात, आणि सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची पेढी. "तुझ्या भावानं पेढीवर काचेचं टेबल आणलंय," ते म्हणाले. "माझं सागवानी कोपऱ्यात पडलंय. तुला पायजे का?"

मी कुणाला न विचारता, श्वाससुद्धा न घेता हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ते ठेवायला माझ्याकडे वीतभर जागा नाही. पण आनंद व्हायचा तो होऊन गेला होता.

माझं काम घरांचे नकाशे काढायचं. सांगलीतले एक इंजिनिअर कच्चं रेखाटन पाठवतात आणि मी साताऱ्यात सासरी बसून कॉम्प्युटरवर त्याचा पक्का नकाशा करते. बसून म्हणजे हॉलमधल्या दिवाणावर. पाहुणे आले की मी, लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं असं सगळं बिऱ्हाड उचलून स्वयंपाकघरात जातं. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो भिंतीतल्या विजेवरच जगतो. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मिक्सर लावायचा झाला की आधी माझी पिन काढतात. एकदा एका डॉक्टरांच्या बंगल्याचा अख्खा पहिला मजला असा शेंगदाण्याच्या कुटात गेला.

लोकांच्या घरात मी अभ्यासिका बसवते, देवघर बसवते, चपला काढायलासुद्धा वेगळा कोपरा देते, आणि माझा स्वतःचा माउस मात्र उशीवर फिरतो. याचा मला राग यायचा. राग आला की मी भांडी जोरात घासते, म्हणून आमच्याकडची भांडी कायम लखलखीत असतात.

आमच्या जिन्याच्या वर एक खोली आहे. पुढे गच्ची, खिडकीतून किल्ल्याचा डोंगर, आणि आत सासऱ्यांच्या काळ्या ट्रंका. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. नवराही फौजेतच, तो वर्षातून एकदा सुट्टीवर येतो आणि पाहुण्यासारखा राहून जातो. मामांनी ती खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं. एमआयडीसीत नव्यानं नोकरीला लागलेला एक जण रविवारी संध्याकाळी पक्कं करायला येणार होता. हे सगळं माहीत असूनही मी त्या दिवशी जेवताना विषय काढला.

"वरची खोली मला पायजे," मी म्हणाले. "कामाला. आबा टेबल पाठवतायत."

मामांचा भाकरी मोडणारा हात थांबला. "पेढीवरचं टेबल? मी बघितलंय ते. चार माणसं झोपतील त्याच्यावर. आपल्या जिन्यातनं ते जाणार न्हाई."

"जाईल."

"बरं," मामा म्हणाले. "रविवारी त्यो भाडेकरू यायच्या आत टेबल वर गेलं, तर खोली तुझी. न्हाई गेलं तर त्याची. मग तोंड पाडून बसायचं न्हाई."

मामा शब्दाचे पक्के, त्यामुळे मी आतल्या आत उड्याच मारत होते. या घराचा नकाशा मी काम शिकत असताना सरावाला म्हणून काढला होता. जिन्याची रुंदी, मधलं वळण, वरच्या खोलीचं दार, सगळं माझ्याकडे होतं. आबांना फोन करून टेबलाची मापं घेतली आणि नकाशात टेबल फिरवून पाहिलं. ते हसतखेळत वर जात होतं.

रविवारी सकाळी मी जिना झाडायला घेतला आणि वळणावर हातातला झाडू तसाच थांबला. तिथे जाळी होती. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरची माकडं जिन्यानं खाली उतरून आत्यांचा कुरडयांचा डबा घेऊन गेली, तेव्हा मामांनी वळणावर जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी जाळी बसवून घेतली होती, भिंतीत पक्की गाडून. मध्ये एक अरुंद दार. बारीक माणूस सहज जातो, जाड माणसाला पोट आत घ्यावं लागतं. मी दिवसातून दहा वेळा त्या दारातून जात होते, पण माझा नकाशा जुना होता आणि त्यात जाळी नव्हती. 

टेप आणून मोजलं. सरळ घातलं तर टेबल जात नव्हतं. मग पायरीवरच बसकण मारली आणि कागदावर काढून बघितलं. उलटं, सुलटं, उभं, आडवं. शेवटी एका तऱ्हेनं जमलं. टेबल कुशीवर पाडायचं, पाय जाळीकडे करायचे. आधी एका टोकाचे दोन पाय दारातून पलीकडे घालायचे, मग फळी दाराच्या कडेभोवती वळवायची, की मागचे दोन पाय आपसूक येतात. रिक्षात बसताना आपण आधी एक पाय आत टाकतो आणि मग अंग वळवून घेतो, तसंच. मला इतकं हायसं वाटलं की मी तो जिना दुसऱ्यांदा झाडला.

साताऱ्यातल्या कुठल्याशा दुकानाला हळदीची पोती पोचवायची होती, त्याच टेम्पोतून टेबल आलं. ड्रायव्हरच्या शेजारी आबा, कडक इस्त्रीची टोपी घालून. आमची गल्ली चढाची, त्यामुळे टेम्पो धापा टाकत वर आला. मी चपला न घालताच बाहेर पळाले. दोरीनं बांधलेलं टेबल मागे उभं होतं. खणांच्या फटीफटीत हळद बसून लाकूड पिवळं पडलेलं. मी त्याच्यावर हात फिरवला आणि तळवा पिवळा झाला. लहानपणी शाळा सुटली की मी पेढीवर याच टेबलाच्या खाली बसून गूळ-शेंगदाणे खायची. आता त्याच्यापुढे खुर्ची घालून बसायला मिळणार म्हणून मला नुसतं हसू येत होतं.

आबांनी टेम्पोतून उतरल्या उतरल्या दोरीच्या गाठीला हात घातला. मामांनी तो हात धरला. "पाव्हणं, तुमी न्हाई. तुमी आत बसा." व्याह्यानं आपल्या दारात सामान उचललं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. आबांनाही ते माहीत होतं. ते मुकाट्यानं हॉलमध्ये जाऊन जिन्यासमोरच्या खुर्चीत बसले, आणि आत्यांनी त्यांच्या हातात चहा दिला.

उचलायला माणसं हवी होती. आमच्या गल्लीत फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तिथे तो कुणी का असेना. आत्यांनी दारात उभं राहून "आवं मेजर" अशी एक हाक मारली आणि गल्लीतली चार दारं उघडली.

आलेल्यांत हुद्द्यानं सगळ्यांत मोठे समोरच्या घरातले. ते खरेच सुभेदार मेजर होते, मामांच्या एक हुद्दा वर. सगळी नोकरी कचेरीत कारकुनीत गेली, त्यामुळे त्यांनी आयुष्यात उचललेलं सर्वांत जड ओझं म्हणजे फायलींचा गठ्ठा. पण हुद्दा तो हुद्दा. ते पुढे झाले तसे मामा अर्धं पाऊल मागे सरले, आणि घर आमचं, टेबल आमचं असून हुकूम त्यांचा सुरू झाला.

मी कागद मामांच्या पुढे धरला. "मामा, असं न्यायचं. कुशीवर पाडून, पाय आधी."

कागद सुभेदार मेजरांनी घेतला, लांब धरून बघितला आणि घडी घालून मला परत दिला. "सूनबाई, पाय पुढं करून माणूस घरातनं जातं. येत न्हाई. शुभ काम हाय. डोकं पुढं घ्यायचं."

 आत्यांनी पदर सावरला. मयताचं नाव निघाल्यावर पुढे कोण बोलणार? मामांनी मला डोळ्यानंच वर जायची खूण केली. वरून दार धरायला माणूस लागतच होतं, तेव्हा मी जाळीतून वर गेले आणि वळणाच्या वरच्या पायरीवर उभी राहिले, आतून चरफडत.

मग टेबलाचं डोकं कुठलं यावर खाली थोडी चर्चा झाली. वरची फळी म्हणजे डोकं असं ठरलं. खण काढून बाजूला ठेवले, आणि मामांनी, बाकीच्या तीन मेजरांनी आणि टेम्पोवाल्यानं मिळून ते उचललं. सुभेदार मेजर मागून, हातवारे करत. पहिला टप्पा असा झपाट्यानं पार पडला की रागात असूनही माझं काळीज धडधडायला लागलं. टेबल येत होतं. पायऱ्यांवरून, धापांवरून, "सांबाळ रं, सांबाळ गड्या" वरून माझं टेबल वर येत होतं.

वळणावर त्यांनी फळी जाळीच्या दारात घातली. अर्धी फळी माझ्या बाजूला आली, मी ती धरलीसुद्धा. मग मागचे पाय चौकटीवर आदळले. "जोर लावा," सुभेदार मेजर म्हणाले. जोर लावला. टेबल एकदा करकरलं आणि भिंत, जाळी आणि कठडा यांच्या मध्ये असं फसलं की पुढे जाईना, मागे येईना. वर मी एकटी, खाली सगळी फौज.

सगळ्यांनी घाम पुसला. जाळी कापावी म्हटलं तर ती मामांची, तिच्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती. तोफखान्यातून हवालदार म्हणून आलेले एक मेजर खाली वाकून टेबलाचे पाय बघत होते. ते म्हणाले, "पायच कापून टाकू या. करवत हाय माझ्याकडं. वर गेल्यावर परत ठोकू. आमी अख्खी तोफ सुटी करून डोंगरावर न्यायचो."

"ह्ये बराबर हाय," सुभेदार मेजर म्हणाले.  मामा आबांकडे बघत होते.

मला जाळीतून आबा स्पष्ट दिसत होते. त्यांच्या हातातली कपबशी मध्येच थांबली. या टेबलावर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. ते हसले. "कापा की," ते म्हणाले. "लेकीच्या घरात आलं, आता ते तुमचंच हाय. माझं काय न्हाई."

ते वाक्य ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. पेढीवर हमालानं या टेबलावर नुसतं पोतं टेकवलं तरी आबा अख्खं यार्ड डोक्यावर घेत. आणि इथे लेकीच्या सासरी बसून तोच माणूस टेबलाचे पाय कापायला हसून परवानगी देत होता. हवालदार करवत आणायला वळलेसुद्धा.

"कुणी करवत आणायची नाही," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण असा मोठा या घरात तो कधी निघाला नव्हता. हवालदार जागच्या जागी थांबले. "मेजरसाहेब, पाय पुढं करून माणूस घरातनं जातं, कबूल. पण येतंही पायानंच. मी या घरात कशी आले? उंबऱ्यावर माप ठेवलं होतं आत्यांनी. ते पायानं लवंडून आले. उजवा पाय आधी. नवरी कुठल्या घरात डोक्यानं शिरते, सांगा."

 मामांच्या कपाळावर आठी उमटली होती. आता आपलं काही खरं नाही, खोली तर गेलीच, असं मला वाटलं. मग स्वयंपाकघराच्या दारातून आत्यांचा आवाज आला, शांत, भाजी निवडतानाचा असतो तसा. "बराबर बोलती की ती. नवरी पायानंच येती. लक्ष्मीची पावलं काढतो आपण, डोकं न्हाई काढत." आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "काढा ते मागं. मी माप भरून आणते."

सुभेदार मेजरांनी जरा विचार केला. मग वर माझ्याकडे बघून म्हणाले, "मग सूनबाई, हुकूम तुझा." आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला, एखादी गोष्ट नियमात बसते असं एकदा दिसलं की पुढे त्याची काही हरकत नसते.

टेबल हलवून हलवून मागे काढलं तेव्हा जाळीवर घासून सागाचा एक टवका निघाला, पण पाय शाबूत राहिले. मोकळ्या झालेल्या दारातून आत्याच आधी वर आल्या, हातात तांदळानं भरलेलं माप घेऊन. ते त्यांनी खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या किती खूश होत्या ते त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

मग मी हुकूम सोडले. "कुशीवर घ्या. पाय माझ्याकडं. आता डावीकडं. थांबा." थांबा म्हटलं की सगळे दगडासारखे थांबत. त्यांचं वय काय, माझं काय, पण हुकूम ऐकायची सवय हाडात गेलेली. मला तर असा चेव चढला की मी एकदा उगाचच "थांबा" म्हणाले. पुढचे दोन पाय दारातून आत आले. फळी चौकटीच्या कडेला घासत वळायला लागली. आणि अर्ध्या वळणावर खालचं टोक जड होऊन घसरायला लागलं. मामांची पकड सुटत चालली. तिथे आणखी एक माणूस हवा होता.

आबा खुर्चीतून उठले. टोपी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि जिन्याकडे आले.

"पाव्हणं, तुमी बसा," मामा दात आवळून म्हणाले. "शोभत न्हाई ते."

"ऐका माझं," आबा म्हणाले. "लेक माप ओलांडती तवा बाप तिथं नसतो. तुमी वरात घिऊन गेला, आनी मी आष्ट्यात मांडवात खुर्च्या गोळा करत बसलो. ती तुमच्या घरात कशी शिरली ते मी बघितलेलं न्हाई. ह्ये तरी बघू द्या."

लग्नाला माझ्या बारा वर्षं होऊन गेली होती. आबांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वर उभ्या उभ्या एकदम रडू कोसळलं, आणि हात फळीवर असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. मामांनी आबांकडे बघितलं. मग ते भिंतीला चिकटून सरकले आणि आपल्या शेजारी त्यांनी आबांना जागा करून दिली. दोन व्याही खांद्याला खांदा लावून माझ्या टेबलाखाली उभे राहिले.

"आता वळवा," मी म्हणाले. त्यांनी वळवलं. फळी फिरली, मागचा एक पाय आला, मग दुसरा. जाळी ओलांडून टेबल माझ्यापुढे आलं. उरलेल्या पायऱ्या ते सगळे जवळजवळ पळतच चढले. खोलीच्या दारात आत्यांनी टेबलाचा पुढचा पाय स्वतः हातानं धरला आणि मापाला लावला. माप कलंडलं, तांदूळ आत पसरले, आणि त्यावरून टेबल खिडकीपाशी गेलं. आबा उंबऱ्यात उभे राहून ते बघत होते. सुभेदार मेजर जाताना मला म्हणाले, "पोरी, फौजेत असतीस तर आमाला जड गेलं असतं."

जेवून आबा त्याच टेम्पोनं सांगलीला परत गेले. मी वर आले, खण लावले, लॅपटॉप मांडला. काम काही केलं नाही. नुसते खण उघडत होते आणि बंद करत होते. या खोलीत पिन लावायला एक जागा होती आणि ती फक्त माझी होती.

संध्याकाळी खाली बेल वाजली. एका तरुण माणसाचा आवाज आला, मग मामांचा. मग जिन्यावर मामांची पावलं. ती खोलीच्या बाहेर थांबली. मामा खाकरले.

"येऊ का?"

या घरात मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कशाला, माझी अशी खोलीच नव्हती. मामा जिथे येतील तिथे मी पदर सावरून उठायचं, बारा वर्षं असंच चाललं होतं. आत्ताही मी अर्धी उठले होते. मामा उंबऱ्याच्या पलीकडेच उभे होते, चप्पल काढून, पायाखाली तांदूळ येऊ नयेत म्हणून जपून.

"त्यो भाडेकरू आलाय," ते म्हणाले. "त्याला खोली न्हाई म्हणून सांगतो. पर ते नंतर. आदी तू सांग, मी येऊ का आत?"

मी परत खुर्चीत टेकले.

"या मामा," मी म्हणाले, आणि बसूनच राहिले.